सहा रविवार, अठराशे रुपये: अमेरिकेतल्या 'फक्त प्रौढांसाठी' सिनेमावरचा कोर्स केला, त्याबद्दल

आधी एक सांगून टाकतो, कारण ज्याला ज्याला या कोर्सबद्दल बोललो त्याने पहिलं तेच विचारलं. तिथे तसलं काही दाखवत नाहीत. पोस्टर, पेपरातल्या जुन्या जाहिराती, कोर्टाच्या निकालांतले उतारे आणि मोठ्या कंपन्यांच्या पिक्चरमधले फोटो, एवढंच पडद्यावर येतं. दारात आधार कार्ड बघून अठरा पूर्ण असल्याची खात्री करतात आणि मगच आत सोडतात. विषय मात्र तोच आहे, अमेरिकेत अॅडल्ट पिक्चर मेन थेटरपर्यंत आले कसे आणि तिथून परत बाहेर गेले कसे, आणि मॅडम तो इतक्या सरळ आवाजात शिकवतात की पहिल्या दहा मिनिटांनंतर कोणाचीच मान खाली राहत नाही. आमच्या बॅचला अठरा जण होतो, त्यात सात बायका. एक रिटायर्ड बँकवाले काका, एक वकील, एक नर्सताई, कॉलेजची चार पोरं. नाशकात हे झालं याचं मला खरंच कौतुक वाटतं.

गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत एका फ्लॅटची लायब्ररी केली आहे, तिथे दर रविवारी सकाळी साडेनऊ ते बारा. फी सहा रविवारांची मिळून अठराशे, मध्ये चहा त्यातच.

मी का गेलो ते पण सांगतो, म्हणजे माझं मत कुठून आलं ते कळेल. आमची सिडकोत व्हिडिओ लायब्ररी होती, अण्णांनी ८८ साली टाकली आणि कॉलेज झाल्यावर ९३ पासून काउंटरला मी. कॅसेट दहा रुपये दिवस, व्हीसीआर आणि कलर टीव्ही रात्रभर भाड्याने, डिपॉझिट वेगळं. त्या काउंटरवर आठवड्यातून दोन-तीनदा तरी कोणीतरी यायचं, बाकी गिऱ्हाईक जाईपर्यंत पोस्टर बघत उभं राहायचं आणि मग आवाज खाली घेऊन विचारायचं, बीपी, म्हणजे ब्लू फिल्म, आहे का. जरा शिकलेला असला तर 'ट्रिपल एक्स' म्हणायचा. अण्णा म्हणायचे, नाही ठेवत, आणि वही मिटायचे. ट्रिपल एक्स हे अमेरिकन सरकारचं सर्टिफिकेट असणार, जसं आपल्याकडे ए असतं तसं, असं गिऱ्हाईक पण समजायचं आणि मी पण. तीस वर्षं समजत होतो. या कोर्सच्या तिसऱ्या रविवारी कळलं की तसं सर्टिफिकेट कधी नव्हतंच, आणि नुसत्या त्या एका गोष्टीसाठी माझे अठराशे वसूल झाले. त्यावर खाली येतो.

पहिल्या रविवारची सुरुवात मॅडमनी फाळक्यांपासून केली. त्र्यंबकेश्वरला जन्मलेला माणूस १९१३ मध्ये पिक्चर काढतो आणि १९१८ मध्ये इंग्रज सरकार सिनेमाचा कायदा करतं, १९२० पासून सेन्सॉर बोर्ड बसतात, म्हणजे आपल्याकडे कात्री पहिल्यापासून सरकारच्या हातात. अमेरिकेत राज्यांची आणि शहरांची सेन्सॉर बोर्डं होती, पण सगळ्या देशाला धाक होता तो धंदेवाल्यांनी स्वतःच स्वतःला घालून घेतलेल्या नियमांचा. १९१५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ओहायोच्या एका केसमध्ये सांगितलं की सिनेमा दाखवणं हा निव्वळ धंदा आहे, त्याला बोलण्याच्या स्वातंत्र्याचं संरक्षण नाही. मग सरकारने देशभर सेन्सॉर लावू नये म्हणून स्टुडिओवाल्यांनी १९३० मध्ये स्वतःचा कोड मान्य केला, स्टुडिओवाल्यांच्या संघटनेच्या प्रमुखाच्या, विल हेजच्या नावाने हेज कोड म्हणतात तो, आणि १९३४ पासून जोसेफ ब्रीनच्या ऑफिसने तो कडक लावला. त्या ऑफिसचा मंजुरीचा शिक्का नसलेला पिक्चर सोडला तर पंचवीस हजार डॉलर दंड. मोठी थेटरं स्टुडिओच्याच मालकीची, त्यामुळे शिक्का नाही तर थेटर नाही. नवरा-बायकोला पण पडद्यावर दोन वेगळे पलंग. हे मॅडमनी भराभर घेतलं आणि बरंच केलं, कारण खरी गंमत यानंतर आहे.

ती गंमत म्हणजे कोडच्या बाहेरचे लोक. क्रोगर बॅब नावाचा माणूस, त्याचा १९४५ चा 'मॉम अँड डॅड'. गोष्ट साधी, एका मुलीला आईबापांनी काही सांगितलेलं नसतं आणि ती अडचणीत येते, आणि शेवटी बाळंतपणाचं खरं शूटिंग. हा पिक्चर तो गावोगाव घेऊन फिरायचा. बायकांचा शो वेगळा, पुरुषांचा वेगळा. थेटरात नर्सच्या ड्रेसमध्ये बायका उभ्या, कोणाला चक्कर आली तर. मध्येच पिक्चर थांबवून 'एलियट फोर्ब्स' नावाचे आरोग्यतज्ज्ञ स्टेजवर येऊन भाषण द्यायचे आणि मग पुस्तिका विकल्या जायच्या. आणि एलियट फोर्ब्स नावाचा माणूसच नव्हता, एकाच वेळी वेगवेगळ्या गावांत वेगवेगळे नट ते नाव लावून भाषण द्यायचे. आमच्या नर्सताई म्हणाल्या, फसवणूक होती हे खरं, पण त्या गावातल्या पोरींना बाळंतपण म्हणजे काय हे दुसरं कोणी सांगत तरी होतं का. यावर अर्धा तास चर्चा झाली. मग मॅडमनी र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणाचं मासिक काढलं, १९२७ ला सुरू झालेलं. कर्वे एलियट फोर्ब्ससारखं खोटं नाव लावून नाही, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या खिशातून हे लिहीत होते, त्यासाठी कोर्टात उभे राहिले, आणि १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला बाबासाहेब आंबेडकर उभे होते. अंगावर काटा आला. अमेरिकेच्या कोर्समध्ये हे ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी कोर्टाच्या केसेस. १९५२ मध्ये रोसेलिनी या इटालियन दिग्दर्शकाच्या 'द मिरॅकल'वरून सुप्रीम कोर्टाने १९१५ चा निकाल फिरवला, सिनेमालाही बोलण्याचं स्वातंत्र्य लागू. १९५३ मध्ये ऑटो प्रेमिंजरने 'द मून इज ब्लू' शिक्क्याशिवाय रिलीज केला, त्यात 'व्हर्जिन' हा शब्द होता हे पण भांडणाचं एक कारण, आणि पिक्चर चालला. १९६४ मध्ये न्यायमूर्ती पॉटर स्ट्युअर्टने लिहिलं की अश्लीलतेची व्याख्या मला करता येणार नाही, पण बघितली की कळते, आणि समोरचा पिक्चर त्यात बसत नाही. वकीलसाहेब यावर खूष झाले. मला मात्र ते वाक्य आवडलं नाही. न्यायमूर्तीला बघितल्यावर कळतं, पण पिक्चर काढणाऱ्याला काढायच्या आधी कसं कळावं? थेटरवाल्याला लावायच्या आधी? धंदा करणाऱ्याला आधी कळावं लागतं, जेलमध्ये तो जातो.

आता तिसरा रविवार, म्हणजे या कोर्सचा जीव. १ नोव्हेंबर १९६८ ला स्टुडिओवाल्यांच्या संघटनेचा प्रमुख जॅक व्हॅलेंटी याच्या पुढाकाराने कोड मोडीत काढून रेटिंग आणलं. जी सगळ्यांसाठी, एम जरा जाणत्यांसाठी, आर म्हणजे लहानांनी मोठ्यांसोबतच यायचं, आणि एक्स म्हणजे लहानांना प्रवेशच नाही. यातली पहिली तीन अक्षरं संघटनेने ट्रेडमार्क म्हणून नोंदवली. एक्स नोंदवलं नाही. म्हणजे ज्याला संघटनेकडे पिक्चर पाठवायचाच नाही तो स्वतःच स्वतःला एक्स लावून मोकळा. त्यांना वाटलं की हे अक्षर गंभीर, मोठ्यांसाठीच्या पिक्चरना उपयोगी पडेल, आणि सुरुवातीला तसं झालंही. १९६९ चा 'मिडनाइट काउबॉय', जॉन श्लेसिंजरचा, रेटिंग एक्स, आणि १९७० च्या एप्रिलमध्ये त्याला बेस्ट पिक्चरचं ऑस्कर. एक्स रेटिंग असताना बेस्ट पिक्चर मिळालेला तो एकमेव. १९७१ चा कुब्रिकचा 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' पण एक्स, पण बेस्ट पिक्चरच्या नॉमिनेशनमध्ये.

पण दार उघडं होतं ना. साध्या हॉलमध्ये अंगप्रदर्शनाचे स्वस्त पिक्चर लावणाऱ्यांनी तेच अक्षर उचललं, मग एकावर भागेना म्हणून दोन, मग तीन. ट्रिपल एक्स ही जाहिरात होती, बस. कोणी दिलेलं नाही, कोणी तपासलेलं नाही, दुकानाच्या पाटीवर 'एक नंबर' लिहितात तसं. आणि एकदा ते झाल्यावर बऱ्याच पेपरांनी एक्सच्या जाहिराती घेणं बंद केलं, थेटरं घेईनात, आणि मग 'मिडनाइट काउबॉय'ला पण १९७१ मध्ये एकही कट न करता आर करून घेतलं. एक अक्षर नोंदवायचं राहिलं आणि 'मोठ्यांसाठी' या शब्दाचा अर्थच बदलून गेला, मोठ्यांच्या दुःखाचे, मोठ्यांच्या नात्यांचे पिक्चर आणि नुसते शरीराचे पिक्चर एकाच पाटीखाली आले आणि त्यात नुकसान पहिल्यांचं झालं. मी घरी जाऊन बायकोला हे सांगत बसलो, जेवण गार झालं.

इथे वकीलसाहेबांनी एक चांगली जोड दिली. त्याच १९७० मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टात लेखक-दिग्दर्शक के. ए. अब्बासांची केस होती. त्यांच्या 'अ टेल ऑफ फोर सिटीज' या माहितीपटात मुंबईच्या वेश्यावस्तीचे शॉट होते, सेन्सॉरने यू सर्टिफिकेट नाकारलं, अब्बास कोर्टात गेले, आणि न्यायमूर्ती हिदायतुल्लांच्या खंडपीठाने सिनेमाला आधी तपासणं घटनेत बसतं असा निकाल दिला. तिकडे त्या वर्षी एक्सला ऑस्कर, इकडे सेन्सॉरवर शिक्कामोर्तब.

चौथा रविवार १९७२-७३. जून १९७२ ला न्यूयॉर्कमध्ये 'डीप थ्रोट' लागला, जेरार्ड डॅमियानोचा, बजेट साधारण पंचवीस हजार डॉलर, पैसा माफियाशी संबंध असलेल्या कुटुंबाचा. आणि चक्क सुटाबुटातले लोक, जोडपी, नट, लेखक रांगेत उभे राहिले. न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात जानेवारी १९७३ मध्ये 'पॉर्नो शीक', म्हणजे पॉर्न बघणं ही फॅशन, म्हणून मोठा लेख आला. अध्यक्ष निक्सनची वॉटरगेट भानगड बाहेर काढणाऱ्या पत्रकारांना माहिती देणाऱ्या गुप्त माणसाला पण 'डीप थ्रोट' हेच टोपणनाव पडलं, तो एफबीआयचा मार्क फेल्ट होता हे २००५ मध्ये उघड झालं. साठ कोटी डॉलर कमाईचा आकडा सगळीकडे फिरतो, त्यावर मॅडमनी पोरांना सरळ हिशोब करायला लावला, तिकीट पाच डॉलर धरलं तर बारा कोटी तिकिटं खपायला पाहिजेत, तीही बऱ्याच शहरांत बंदी असताना. पोरांनीच सांगितलं, शक्य नाही. शिकवणं असं असावं. आणि तेच १९७२ आपल्याकडे 'सखाराम बाइंडर'चं वर्ष. तेंडुलकरांच्या त्या नाटकासाठी कमलाकर सारंग कोर्टात लढत होते. बँकवाले काका म्हणाले, तिकडे ते रांगेत आणि आपण एका खऱ्या नाटकासाठी भांडत होतो.

जून १९७३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा मिलर केसचा निकाल, पाच विरुद्ध चार. अश्लील काय ते देशभराच्या एका मापाने नाही, स्थानिक समाजाच्या मापाने ठरवायचं, आणि कलाकृतीला गंभीर मूल्य आहे का हे बघायचं. मॅडमनी विचारलं, मग नाशिकचं माप कोणाचं? पंचवटीचं, कॉलेज रोडचं की अंबडच्या कंपन्यांतल्या कामगारांचं? खोलीत एकदम गलका. मग त्यांनी जॉर्जियाची केस सांगितली, 'कार्नल नॉलेज' हा माइक निकोल्सचा पिक्चर, ज्यासाठी अॅन-मार्ग्रेटला ऑस्करचं नॉमिनेशन होतं, तो लावला म्हणून तिथल्या एका शहरातल्या थेटरच्या मॅनेजरला शिक्षा झाली. १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने त्याला सोडवलं. दोन वर्षं मात्र त्या माणसाने काढली. मला अण्णांची वही आठवली.

आता सोयी-गैरसोयीचं. प्रोजेक्टर जुना आहे, मागच्या दोन रांगांना पोस्टरवरची अक्षरं दिसत नाहीत, लवकर जाऊन पुढे बसा. नोट्स सगळ्या इंग्रजीत, आणि शिकवणं सगळं मराठीत, हे जुळत नाही. काकांना आणि नर्सताईंना त्रास झाला, निदान दोन पानांचा मराठी गोषवारा द्यायलाच पाहिजे. चहा चांगला, आलं घालून. गाडी लावायला गल्लीत जागा नाही, मेन रोडला लावून चालत या.

पाचवा रविवार व्हिडिओचा, आणि इथे मी जरा नाराज झालो. १९७५ ला सोनीचं बीटामॅक्स, मग व्हीएचएस, १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने घरी रेकॉर्डिंग करणं चालेल म्हटलं, आणि अॅडल्ट थेटरं बसली. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की असा पिक्चर काढायला नटनट्यांना पैसे देणं हा वेश्याव्यवसायाच्या दलालीचा गुन्हा होत नाही, आणि धंदा तिथेच स्थिरावला. हे सगळं पाऊण तासात उरकलं. अहो, सगळ्यात मोठा बदल तर हाच आहे. थेटरात माणूस चार लोकांत बसतो, त्याला कोणीतरी बघतं, पोलीस येऊ शकतात, पेपरात लिहून येतं, त्या पिक्चरला काहीतरी गोष्ट लागते कारण तिकीट काढून माणूस दीड तास बसणार आहे. कॅसेट घरी गेली की गोष्ट संपली, रिमोटने पुढे ढकलता येतं. आमच्याकडे परत आलेल्या साध्या हिंदी कॅसेट बघून पण कळायचं, एखाद्या गाण्याच्या जागी टेप झिजलेली असायची, प्लेअरचं हेड तिथेच घाण व्हायचं, लोकांनी तेवढंच पुन्हा पुन्हा लावलेलं. मशीन बदललं की बघणं बदलतं आणि बघणं बदललं की पिक्चर बदलतो. हे मी चहाच्या वेळी मॅडमना बोललो, त्यांनी वही काढून लिहून घेतलं.

खरी तक्रार सहाव्या रविवारची. 'डीप थ्रोट'मधली लिंडा लव्हलेस, खरं नाव लिंडा बोरमन. तिने १९८० मध्ये पुस्तक लिहून सांगितलं की नवऱ्याने मारहाण करून, बंदुकीच्या धाकाने तिच्याकडून हे करून घेतलं. पिक्चरचे तिला साडेबाराशे डॉलर मिळाले आणि तेही त्यानेच घेतले. १९८६ मध्ये ती सरकारी आयोगासमोर साक्ष द्यायला गेली. हा पिक्चर बघणारा माणूस माझ्यावर होणारा बलात्कार बघतोय, असं ती जाहीरपणे म्हणत राहिली. तिच्या काही सहकाऱ्यांनी तिचं म्हणणं खोडून काढलं, हेही झालं. २००२ मध्ये रस्ता अपघातानंतर ती गेली. आणि या बाईला कोर्समध्ये मिळाली शेवटची दहा मिनिटं, साडेअकरानंतर, लोक चपला शोधत असताना. तसंच 'लास्ट टँगो इन पॅरिस'ची मारिया श्नायडर, शूटिंगच्या वेळी एकोणीस वर्षांची, त्या गाजलेल्या सीनमधली एक गोष्ट तिला आधी सांगितलीच नव्हती आणि पुढे दिग्दर्शक बर्तोलुचीने स्वतः ते कबूल केलं. ती तर एका वाक्यात आली. चौथ्या रविवारी आम्ही रांगेतल्या सुटाबुटातल्या लोकांवर तासभर बोललो, पडद्यावर कोण होतं आणि ती तिथे कशी आली यावर तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. नर्सताई जिन्यात म्हणाल्या, कायदा शिकलो, रेटिंग शिकलो, बाईचं राहिलं. मला ते पटलं. माझ्याच काउंटरवर आवाज खाली घेऊन विचारणाऱ्यांतल्या कोणालाही, आणि मलाही, त्या कॅसेटमधली बाई कोण असेल हा प्रश्न कधी पडला नव्हता.

एनसी-१७, म्हणजे लहानांना प्रवेश नसलेलं नवं रेटिंग, त्याचं पण त्याच दिवशी झालं. १९९० मध्ये एक्स काढून ते आणलं, या वेळी रीतसर ट्रेडमार्क करून, पहिला पिक्चर 'हेन्री अँड जून'. पण ब्लॉकबस्टरसारख्या मोठ्या कॅसेट साखळीने ते ठेवायचंच नाही ठरवलं, आणि १९९५ चा 'शोगर्ल्स' हा एनसी-१७ चा पिक्चर आपटल्यावर मोठ्या स्टुडिओंनी त्याच्या नादाला लागणं जवळपास सोडलं. उशिरा लावलेलं कुलूप.

मार्क द्यायचे तर शिकवण्याला पैकीच्या पैकी, आखणीला दहापैकी सहा. सिनेमाची आवड असेल, कायदा शिकत असाल, किंवा घरात कॉलेजची मुलं आहेत आणि मोबाइलवर काय चाललंय याबद्दल त्यांच्याशी बोलायचं कसं कळत नसेल तर नक्की जा. मी शेवटच्या दिवशी मॅडमना तोंडावर सांगितलं की लिंडाला एक पूर्ण रविवार द्या, चौथ्याच्या लगेच पुढचा, म्हणजे पाचवा. त्या म्हणाल्या, देते, पण मग व्हिडिओचा अर्धा तास तुम्ही घ्या. मी हो म्हणून आलोय. अण्णांची वही माळ्यावर होती, काल खाली काढली, वाळवीने कडा खाल्ल्यात पण तारखा वाचता येतात.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, वीसच जागा असतात. लिफ्ट नाही, दुसरा मजला, गुडघ्याचा त्रास असेल तर आधी फोन करा, ते खाली उतरून मदत करतात.